पेट्रोलचा काटा आणि मुराळी

आमच्या गाडीत बसायला माझ्या बाबांनी सहा वर्षं नकार दिला. ऊन असो, पाऊस असो, कुणाचं लग्न असो की कुणाचं मरण, आम्ही गाडीनं निघायचो आणि बाबा सायकलनं. सांगायला लाज वाटते, पण बरेचदा सायकल आमच्याआधी पोचायची. आम्ही घामाघूम होऊन मांडवात शिरायचो तेव्हा बाबा पहिल्या पंगतीला जेवून सुपारी कातरत बसलेले असायचे.

गाडी मी धरमपेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून घेतली होती. सरकारी कचेरीत मी तेव्हा नुकताच हेडक्लार्क झालो होतो आणि डोक्यात थोडी हवा गेली होती. आमची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे. मिलमधले कामगार, रेल्वेतले खलाशी, दोन-चार मास्तर आणि माझ्यासारखे एक-दोन बाबू. त्या गल्लीत कायमची राहायला आलेली ती पहिली मोटार. छोटीशी, दोन दारांची, फिक्या हिरव्या रंगाची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीनं ती चांगलीच बनवली असणार. पंधरा वर्षं तिला नागपूरच्या उन्हात माझ्याआधीच्या तीन मालकांनी भाजलं, त्यात कंपनीचा काय दोष. प्राध्यापकांनी मला गाडीचे गुण तासभर समजावून सांगितले. दोषांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून, बशीशिवाय कपानं चहा पिताना, असलं काही विचारणं मला शोभलं नसतं.

बाबा मिलमध्ये बॉयलरवर होते. भिंतीवर ताटाएवढी तबकडी, तिच्यात काटा. काटा तांबड्या रेघेकडे सरकला की वाफ सोडायची, खाली आला की कोळसा मारायचा. तीस वर्षं त्यांनी त्या काट्याकडे बघितलं. घरीसुद्धा बोलता बोलता त्यांची नजर मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची. वेळ बघायला नव्हे, नुसती सवय.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी ठरवलं की बाबांना मिलच्या फाटकातून गाडीत बसवून घरी आणायचं. गाडी घेऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. मी पांढरा शर्ट घालून गेलो, फाटकासमोर गाडी उभी केली आणि ऐटीत इंजिन बंद केलं. गरम झालेलं इंजिन बंद केलं तर अर्धा तास परत चालू होत नाही, ही तिची पहिली खोड मला त्या दिवशी कळली. बाबा गळ्यात झेंडूचा हार घालून बाहेर आले. मी दार उघडलं, ते बसले, आणि मी किल्ली फिरवत राहिलो. पाळी सुटली होती. फाटकातून शे-दोनशे माणूस बाहेर येत होतं आणि सगळं आमच्याभोवती थांबत होतं. शेवटी बाबा उतरले, मागे गेले, आणि हारासकट गाडीला खांदा लावला. सोबतचे पाच-सहा जण धावले.

त्यांचे एक जोडीदार होते, आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहणारे. ते ढकलता ढकलता मोठ्यानं म्हणाले, "काय गा, पोट्ट्यानं बापाले गाडीत बसवलं का गाडीले जुंपलं?"

सगळं फाटक हसलं. गाडी चालू झाली. बाबांनी गळ्यातला हार काढून गाडीच्या बाहेरच्या आरशाला अडकवला, आत जाऊन आपली सायकल घेऊन आले आणि मला एवढंच म्हणाले, "ज्या मशिनीचा भरोसा नाही, तिच्यात माणूस बसवत नसतात. तू हो पुढं."

त्यानंतर सहा वर्षं ते गाडीत बसले नाहीत. रागावले नव्हते. रोज सकाळी गाडीवरची धूळ पुसायचे, चाकाला लाथ मारून हवा बघायचे. पण दाराच्या आत पाय ठेवला नाही.

आता त्या गाडीच्या खोडी सांगायच्या तर पंगत बसवावी लागेल, म्हणून रोजच्या तेवढ्या सांगतो. ड्रायव्हरचं दार डावीकडे वळताना आपोआप उघडायचं, म्हणून ते दोरीनं बांधलेलं असे. उजवीकडे वळताना हॉर्न वाजायचा आणि वाजवायचा असला तर वाजायचा नाही. ब्रेक दोनदा दाबावा लागे. पहिला नुसता निरोप, दुसरा खरा. तिसरा गिअर हातानं धरून ठेवला नाही तर निसटायचा. माझ्या पायाखालचा पत्रा गंजून त्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, त्यातून रस्ता पळताना दिसायचा. माझी मुलगी लहानपणी म्हणायची की आपली गाडी किती जोरात चालली ते मी खाली बघून सांगते. आणि पेट्रोलचा काटा तर आम्ही गाडी घेतली तेव्हापासून तळाला झोपलेला. टाकी गळ्यापर्यंत भरा, तो आपला रिकामीच म्हणायचा.

पण माणसाचं कसं असतं, दुखणं अंगात मुरलं की त्याची तक्रार संपते, व्यवस्था सुरू होते. आमच्या घरात प्रत्येक खोडीला एक माणूस नेमलेला होता. पाण्याचा डबा मुलीकडे. सीताबर्डीची चढण चढली की इंजिनातून वाफ यायची, मग ती उतरून रेडिएटरमध्ये पाणी ओतायची. आधी झाकणावर फडकं टाकून, तोंड बाजूला करून, एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीसारखी. उन्हाळ्यात पेट्रोलचा पंप तापून पेट्रोल पुढे सरकत नसे, त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं कामही तिचंच. पेट्रोल माझ्या बायकोकडे. तिनं बांबूची एक कामटी चाकूनं तासून घेतली होती, तिला सात खाचा पाडल्या होत्या. निघायच्या आधी ती टाकीत घालायची, बाहेर काढून उजेडात धरायची आणि भाताचं पाणी बघावं तशा आवाजात सांगायची, "तीन खाचा आहेत. कामठी गावापर्यंत जाऊन येता येईल, पण तिथं कुणाला फिरवून आणायचं मोठेपण करू नका." माझ्याकडे किल्ली फिरवणं आणि माफी मागणं, एवढी दोनच कामं होती.

खरं सांगायचं तर आम्ही सुखात होतो. खंत एकाच गोष्टीची होती, पुढच्या सीटची. ती मी बाबांसाठी रिकामी ठेवायचो. बायको मागे बसायची. लोक विचारायचे, ही समोर का बसत नाही. मी म्हणायचो, स्प्रिंग टोचते.

सहाव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, आत्याचं पोस्टकार्ड आलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणत. उमरेडच्या रस्त्यावर, हुडकेश्वरच्या पुढे बरंच आत एका खेड्यात राहायची. आई लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलं. दीक्षा झाली त्या वर्षी ती बैलगाडीत बसून नागपूरला आली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायची. पांढरं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन दिवसभर मैदानात बसायची, आणि जाताना एक पुस्तक विकत घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. ते पुस्तक ती गावातल्या शाळकरी पोरीकडून वर्षभर वाचून घ्यायची आणि पुढच्या दसऱ्याला नवं न्यायची.

पण ती एकटी कधी येत नसे. दीक्षेनंतर आमच्या घरातल्या पुष्कळ चालीरीती गेल्या. देव गेले, उपास गेले, अंगात येणं गेलं. एक मुराळी तेवढा राहिला. बहिणीला माहेरी आणायला भावानं स्वतः जायचं, हे आत्यानं सोडलं नाही. दुसरा कुणी गेला तर ती चहा पाजून परत पाठवायची. बाबा आधी सायकलवर जायचे आणि तिला मागे बसवून आणायचे, पुढे दोघं एसटीनं येऊ लागले. गेली दोन वर्षं मात्र तिचे गुडघे गेले होते. एसटीची पहिली पायरी तिच्या कमरेएवढी उंच. दोन दसरे तिचे घरीच गेले.

कार्ड त्या शाळकरी पोरीच्या अक्षरात होतं. 'दोन पुस्तकं मागे पडली. जुनीच तिसऱ्यांदा वाचून झाली. तुझ्या लेकाची मोटार हाय म्हणते. तू मुराळी होऊन येशील तर मी येते. तू नाही तर कोणी नको.'

बाबांनी कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बाईच्या गावापर्यंत जाते का गा?"

"जाईल ना."

"अन् येते का?"

"येईलच."

"धक्का न मारता?"

मी चाकाची हवा बघू लागलो. बाबा म्हणाले, "मी बसतो. पण एक सांगून ठेवतो. बाई गाडीत असली अन् मले मागं जाऊन धक्का माराले लागला, तर मी तिले तिथंच उतरवून बैलगाडी पाहीन. तिच्यासमोर मले तो मिलच्या फाटकातला तमाशा नाही पाहिजे. मंग पुन्हा या गाडीचं नाव काढू नको."

मी त्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री सदरमधला, माझ्या जुन्या ओळखीचा. त्याचं अर्धं बोलणं हिंदीत. मी म्हणालो की या वेळी सगळं करायचं, एकही खोड ठेवायची नाही. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊ, ये बताओ, क्या नहीं करना है. वो लिस्ट छोटी होगी."

आठ दिवस गाडी त्याच्याकडे होती. दसऱ्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी मी आणायला गेलो, तेव्हा माझा विश्वास बसेना. हॉर्न दाबला की वाजत होता. मी पुन्हा दाबला. दार कुलुपासारखं बंद होत होतं. मिस्त्री बोटांवर मोजत सांगत होता, "स्टार्टर नया, ब्रेक किया, गिअर किया, नीचे का पत्रा मारा, रेडिएटर साफ किया, काटा चालू किया, डिक्की का कचरा फेका..." मी हो हो म्हणत होतो आणि हॉर्न वाजवत होतो. सहा वर्षं मुका राहिलेल्या माणसाला वाचा फुटावी तसं मला झालं होतं. घरी येईपर्यंत कारण नसताना मी दहा जणांना बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, निघायची तयारी झाली. बायको डिक्कीत डोकं घालून काहीतरी शोधत होती.

"अहो, माझी कामटी कुठं आहे?"

"मिस्त्रीनं कचरा फेकला म्हणे. त्यात गेली असेल."

"मग पेट्रोल कसं बघू?"

"गॅरेजमध्ये दिली तेव्हा तूच चार खाचा सांगितल्या होत्या. तिकडे जाऊन-येऊन तीन लागतात."

"तेव्हा होत्या. आठ दिवस झाले त्याला."

"उभी गाडी पेट्रोल पिते का?" मी म्हणालो. कचेरीत हाताखालच्या कारकुनांशी बोलायचा माझा एक आवाज आहे, तो लागला असावा. बायको गप्प बसली. ती अशी गप्प बसते तेव्हा पुढचं काम फक्त वाट बघण्याचं असतं.

बाबा बाहेर आले. स्वच्छ धोतर, निळा कोट, जो त्यांनी माझ्या लग्नानंतर घातला नव्हता. ते पुढच्या सीटवर बसले तेव्हा गल्लीतली चार दारं उघडली. ते जोडीदार ओट्यावर दात घासत होते, त्यांनी हात थांबवला. मी किल्ली फिरवली. एका झटक्यात गाडी चालू झाली. मी बाबांकडे तिरपं बघितलं. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता, पण त्यांनी हळूच दाराची कडी चाचपून बघितली आणि मान हलवली.

शहर मागे पडलं. दोन्ही बाजूंनी तुरी फुलायला आल्या होत्या. मुलगी मागून सारखी म्हणत होती, "पप्पा, खालचा रस्ता दिसत नाही, करमत नाही." बाबा समोर बघत होते आणि मधून मधून, जुन्या सवयीनं, माझ्या समोरच्या तबकडीकडे.

"हा काटा खाली काहून हाय गा?"

मी हसलो. "तो पेट्रोलचा आहे, बाबा. सहा वर्षांपासून तसाच आहे. त्याच्याकडे बघू नका, खोटं बोलतो."

"काटा खोटा नसते. माणूस पाहत नसते."

"मिलमधला नसेल. हा आहे. विचारा हिला."

बायको मागून म्हणाली, "खोटा आहे खरं, मामाजी. म्हणून तर माझी कामटी होती." शेवटचे तीन शब्द तिनं माझ्यासाठी म्हटले होते.

थोड्या वेळानं बाबा पुन्हा म्हणाले, "मघाशी तो रेघेच्या वर होता. आता रेघेवर आला."

"खड्ड्यानं हलला असेल."

तीस वर्षं काट्याकडे बघितलेल्या माणसाला मी, एक हेडक्लार्क, काटा कसा वाचायचा ते शिकवत होतो. आज आठवलं की कान गरम होतात.

आत्या ओट्यावर तयार बसून होती. पांढरं लुगडं, गाठोडं, आणि एका फडक्यात बांधलेली जुनी पुस्तकं. गाडी दारात उभी राहिली आणि बाबा खाली उतरले, तशी ती उठायच्या आधीच म्हणाली, "आला का मुराळी?"

"आलो, बाई."

"दोन वर्षं लागले तुले सहा कोस याले."

"गाडी बनून राहिली होती," बाबा म्हणाले. मला बरं वाटलं. गाडीच्या बाजूनं त्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य.

चहा झाला. आत्याला पुढे बसवलं, बाबा मागे बायको आणि नातीच्या मध्ये बसले. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून मागे शिरायचं असतं. ते शिरताना त्यांना त्रास झाला, पण तो त्यांनी दाखवला नाही. आत्या काच खाली-वर करून बघत होती आणि रस्त्यानं भेटणाऱ्या प्रत्येकाला काचेतून सांगत होती, "भाऊ आला न्याले." मला कधी नव्हे ते कर्तबगार वाटत होतं. मी हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

हुडकेश्वर मैलभर राहिलं असेल. गाडीनं एक आचका दिला, मग दोन, मग एक लांब उसासा टाकला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी उतरून माझी सीट वाकवली आणि मागच्यांना वाट करून दिली. मुलगी डबा घेऊन रेडिएटरकडे धावली, फडकं टाकलं, झाकण उघडलं. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं. तिनं दुसरं फडकं भिजवून पंपावर टाकलं. पंप गारच होता. मी बॅटरीच्या तारा हलवल्या. बायकोनं सवयीनं डिक्कीत कामटीसाठी हात घातला आणि तसाच बाहेर काढला. सहा वर्षांत कमावलेली सगळी विद्या आम्ही अर्ध्या तासात त्या गाडीवर ओतली, आणि सगळी वाया गेली, कारण ते सगळे रोग बरे झालेले होते. स्टार्टर नवा, गर्रगर्र फिरत होता. इंजिन नुसतं ऐकून घेत होतं.

बाबा बाजूला आंब्याखाली उभे होते. कोटाची बटणं लावलेली. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. रस्त्यावरून एक रिकामी बैलगाडी येताना दिसली.

बाबांनी बैलगाडीकडे बघितलं. मग गाडीजवळ आले, खिडकीतून वाकून तबकडीकडे बघितलं.

"किल्ली लाव गा."

मी लावली.

"काटा काय म्हणते?"

"रिकामी म्हणतो. पण बाबा, तो तर..." आणि तिथं मला गॅरेज आठवलं. बोटांवर मोजणारा मिस्त्री आठवला. रेडिएटर साफ किया, काटा चालू किया, डिक्की का कचरा फेका. आणि त्याच्या आधी, मी लक्ष न देता ऐकलेलं, की आठ दिवस गाडीची ट्रायल घेतली, एकदम मख्खन. चार खाचांतलं बरंच पेट्रोल त्यातच गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. सांगताना कारकुनांचा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. बायकोनं डिक्कीचं झाकण जरा जोरात लावलं.

बाबा तबकडीकडेच बघत होते. बैलगाडी आमच्याजवळ येऊन हळू झाली. गाडीवान म्हणाला, "काय झालं, बाबाजी? म्हातारीले नेऊ का पुढं?"

आत्या आतून म्हणाली, "म्हातारी कोण रे? मी मोटारीतून उतरत नाही. मुराळ्यानं मोटारीत बसवलं, मोटारीतूनच जाईन."

बाबा गाडीवानाला म्हणाले, "तू जा गा. गाडीले काही झालं नाही."

"मंग उभी काहून हाय?"

"मशीन खरी हाय. माणूस चुकला." ते माझ्याकडे वळले. "काटा सकाळपासून सांगून राहिला होता, पेट्रोल नाही, पेट्रोल नाही. तू त्याले खोटा ठरवला. तू मिलमध्ये असता तर तुले कामावरून काढलं असतं."

"चुकलं, बाबा."

"चुकलं ना? मंग ढकल." आणि ते फिरून ड्रायव्हरच्या बाजूला आले, दार उघडलं, कोट सावरला आणि चक्क स्टिअरिंगवर बसले. "मशीन बिघडली असती तर मी बसलो नसतो. चांगल्या मशिनीले ढकलाले काय लाज. फक्त ढकलन तो, ज्याची चूक हाय."

"तुम्हाला चालवता कुठं येतं?" मी म्हणालो.

"चालवाची कुठं हाय. सरळ धराची हाय. ब्रेक कोणता?"

मी मधला दाखवला. सवयीनं तोंडातून निघालं, "दोनदा दाबा." मग म्हणालो, "नाही, आता एकदाच."

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे बाबा, निळ्या कोटात, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेले, नजर रस्त्यावर, मधूनच तबकडीवर. बाजूला आत्या, गाठोडं मांडीवर. मागे मी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना बायको आणि मुलगी, जरी त्यांना शिक्षा नव्हती तरी. छोट्या गाडीचा तो एक गुण मी प्राध्यापकांकडून ऐकला नव्हता, की ती ढकलायला हलकी असते. गावाजवळ थोडा उतार लागला, गाडी आपोआप पळू लागली आणि आम्ही तिघं हात सोडून मागे धावलो. आतून आत्याचं हसणं ऐकू येत होतं.

"हळू गा भाऊ, सायकलवरून पाडलं होतं तसं पाडशील."

"ते तुझ्या गाठोड्यानं पडलो होतो, बाई."

पहिल्या घरांजवळ बाबांनी ब्रेक दाबला. एकदाच. गाडी जागेवर थांबली. तिथं एक दूधवाले आपल्या मोटरसायकलवर कॅन बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे जरा दयेनं बघितलं, आणि रबरी नळी लावून दुधाच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल काढून दिलं. बाबांनी आधी मला टाकीत ओतू दिलं नाही, ते किल्ली लावून तबकडीसमोर बसले आणि मग म्हणाले, "आता टाक." मी ओतलं. काटा तळातून करंगळीच्या नखाएवढा वर आला. त्यांनी सगळ्यांना एक-एक करून बोलावून तो दाखवला. दूधवाल्यांनासुद्धा.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. बाबा मागून माझ्या बाजूनं उतरले, आत्याला हात धरून उतरवलं. जोडीदार ओट्यावरच होते, जणू सकाळपासून हललेच नव्हते. माझा शर्ट, माझे धुळीनं भरलेले हात बघून त्यांनी बाबांना विचारलं, "काय गा, आज पुन्हा जुंपलं का तुले?"

"नाही," बाबा म्हणाले. "आज पोट्ट्याले जुंपलं होतं."

जोडीदार हसले, आत्या हसली, आणि माझी बायको सकाळपासून पहिल्यांदा हसली.

रात्री जेवताना आत्या शेजारच्या बायांना सांगत होती की माझ्या भावानं स्वतः मोटार चालवत मला आणलं. मी ती गोष्ट जरा दुरुस्त करणार होतो. बायकोनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, ती बोलू नका म्हणायची तिची पद्धत. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी काही दुरुस्ती केली नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर गाडीचं दार उघडं होतं. आत्या मागे बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, रिकामी पिशवी मांडीवर. या वेळी तिला तीन पुस्तकं घ्यायची होती. बाबा पुढच्या सीटवर होते आणि त्यांच्या हातात बांबूची एक नवी कामटी होती, पहाटे कधीतरी उठून तासलेली, सात खाचांची.

"काटा खरा आहे ना आता," मी म्हणालो.

"काटा खराच हाय. भरोसा तुझा नाही," असं म्हणून त्यांनी कामटी माझ्यामागून बाहेर आलेल्या बायकोकडे दिली. "पाह्य वं सूनबाई, किती हाय ते. मंग निघू."